उसंत कुणी द्यायची?

घरातलं एक माणूस अंथरुणाला खिळलं की घरात दोन माणसं अडकतात. एक खाटेवर आणि दुसरं खाटेशी. पहिल्याची नोंद कुठे ना कुठे होते: दवाखान्याच्या केसपेपरवर, दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर, संजय गांधी निराधार योजनेच्या यादीत. दुसऱ्याचं नाव कुठल्याच कागदावर येत नाही. या पुस्तकाचा विषय ते दुसरं माणूस आहे. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत घरच्यांचं आजारपण काढणाऱ्यांना चार तासांची, चार दिवसांची उसंत मिळावी, तिचा खर्च सार्वजनिक पैशातून व्हावा आणि तो नेमका कुठल्या खात्यातून होऊ शकतो, याचा हा विचार आहे.

उसंत म्हणजे काय, हे आधी नीट सांगायला हवं, कारण हा विषय काढला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वृद्धाश्रम येतो. इथे माणूस घराबाहेर काढायची गोष्ट नाही. आठवड्यातून दोनदा शिकलेली, खात्रीची एक बाई किंवा गडी घरी येतो, तीन-चार तास रुग्णाजवळ बसतो, आणि घरचं माणूस बाजाराला, बँकेत, शेतात किंवा नुसतं झोपायला मोकळं होतं, हा पहिला प्रकार. दिवसभर सांभाळणारं केंद्र, म्हणजे सकाळी सोडायचं आणि संध्याकाळी आणायचं, हा दुसरा. आणि घरात लग्न, बाळंतपण, स्वतःचं ऑपरेशन असलं तर आठ-दहा दिवस रुग्णाला ठेवून घेणारी जागा, हा तिसरा. तिन्हींत रुग्ण घरचाच राहतो. घरच्यांची ताकद टिकावी म्हणूनच ही सोय.

हेच दोन तालुके का? बाहेरून बघणाऱ्याला इथे कमी काय, असं वाटेल. नीरा डाव्या कालव्याचं पाणी आहे, उजनीचा फुगवटा आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर असे साखर कारखाने आहेत, वालचंदनगरचा जुना उद्योग आहे, बारामतीची एमआयडीसी आहे. २०१९पासून बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे. पण याच सुबत्तेने इथला प्रश्न घडवला आहे. दवाखाने जवळ आले तशी माणसं पक्षाघातातून वाचायला लागली, मधुमेह-रक्तदाबासह ऐंशीपर्यंत जगायला लागली. शिक्षण आलं तशी पोरं पुण्या-मुंबईला आणि पुढे परदेशी गेली. २०११च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठी ओलांडलेले लोक १ कोटी ११ लाखांच्या आसपास होते, लोकसंख्येच्या जवळपास १० टक्के. त्यानंतर हा आकडा वाढतच गेला आहे. बागायती पट्ट्यातल्या कित्येक वाड्यांवर आज मोठं घर, दारात गाडी, आणि आत दोन म्हातारी माणसं, त्यातलं एक दुसऱ्याला उठवून बसवतंय, असं चित्र आहे. सुपे-मोरगावच्या जिरायती भागात घर लहान आणि गाडी नाही, एवढाच फरक.

ज्याला उसंत हवी त्याचा दिवस कसा जातो, हे जवळून पाहिल्याशिवाय निधीची भाषा पोकळ राहील. निमगाव केतकी किंवा सणसरच्या बाजूचं कुठलंही घर डोळ्यांपुढे आणा. सासऱ्यांना अर्धांगवायू झालेला. पहाटे पाचला गाईंची धार, कारण डेअरीचं संकलन ठरल्या वेळेला बंद होतं. तिथून आत येऊन अंथरूण बघायचं, चादर बदलायची, लघवीच्या नळीची पिशवी रिकामी करायची. भाकरी, पोरांचे डबे. मग मऊ भात किंवा पेज, तीही चमचा-चमचा, ठसका लागणार नाही अशा बेताने, मान थोडी पुढे धरून. एका जेवणाला पाऊण तास सहज जातो. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे खुरपायला गेलेलं माणूस दर दोन तासांनी घराकडे परत. संध्याकाळी पुन्हा धार. शेतीपंपाच्या लाईटची पाळी रात्रीची असली की नवरा पाणी धरायला जातो, आणि रात्री एकला, तीनला कूस बदलायची पाळी पुन्हा त्याच सुनेवर. यात अपघात काही नाही, हा रोजचा दिवस आहे. असा दिवस पाच-पाच, सात-सात वर्षं चालतो. मग एक दिवस तिचीच कंबर धरते, आणि घरात दोन रुग्ण होतात.

आषाढी वारीत तुकोबांची पालखी याच दोन तालुक्यांतून जाते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीला गोल रिंगण होतं, इंदापूरचा मुक्काम होतो. त्या सुनेच्या घरापासून रस्ता हाकेच्या अंतरावर असतो. तरी जाऊन दर्शन घेण्यापुरता तासभर तिला मोकळा करता येत नाही, कारण त्या तासात खाटेजवळ बसणारं दुसरं कुणी नाही. उसंतीचा हिशोब करताना आपण दवाखाना आणि बँक एवढंच धरतो. वारी, माहेर, भावाच्या पोराचं लग्न हेही त्यात धरायला हवं. माणूस नुसत्या कामासाठी मोकळं व्हावं, एवढी कंजुषी इथे नको.

खरं तर आपल्या समाजाला उसंत नवी नाही. पंचमीला, दिवाळीला लेक माहेरी जायची तेव्हा सासरच्या कामाला रीतसर सुट्टी असायची, आणि ती मागावी लागत नसे. रीतच तशी होती. भाऊ वेगळे निघाले की आई-वडिलांची पाळी ठरायची: दोन महिने थोरल्याकडे, दोन महिने धाकट्याकडे. पाळीला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, आणि म्हाताऱ्या माणसाचं गाठोडं इकडून तिकडे फिरायचं, ते बघवतही नाही. पण तिच्यात एक व्यवहार होता. सांभाळणाऱ्या घराला ठरल्या तारखेला विसावा मिळायचा. आज एक भाऊ गावात आणि दुसरा पिंपरी-चिंचवडला दोन खोल्यांत असतो. पाळी मोडली. दुसरा पैसे पाठवतो, पहिला हात लावतो, आणि पहिल्याची बायको रात्री उठते. नणंदाही आता नोकरीला जातात. रीत होती तोवर सरकारची गरज पडली नाही. रीत गेली, त्या जागी काही आलं नाही. या पुस्तकातली मागणी त्या रिकाम्या जागेसाठी आहे.

ही जागा बायकांनीच भरावी असं गृहीत धरलं जातं, आणि आकडेही तेच सांगतात. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयाच्या बायकांपैकी ४१ टक्के जणी रोज घरातल्या कुणाची तरी देखभाल करतात, सरासरी १४० मिनिटं. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के आणि ७४ मिनिटं. यात लहान मुलांचं करणंही आलं. आणि स्वयंपाक, धुणं-भांडी वेगळीच मोजली आहेत. तरी पुरुष यात नाहीतच, असं समजू नये. बायको अंथरुणाला लागल्यावर तिची वेणी घालायला शिकलेले सत्तरीतले म्हातारे या भागात आहेत, आणि त्यांची अडचण आणखी वेगळी. त्यांना मदत मागायची सवयच नाही.

आता सरकार काय देतं ते पाहू. देत नाही असं म्हणणं खोटं ठरेल. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८०पासून आहे. तिचं दरमहा अनुदान १,५०० रुपये, आणि दिव्यांग लाभार्थ्यांसाठी २०२५मध्ये ते २,५०० रुपये झालं. पासष्टीपुढच्यांसाठी श्रावणबाळ योजना आहे. २०१७पासून केंद्राच्या वयोश्री योजनेतून काठ्या, चष्मे, कानाची यंत्रं, चाकाच्या खुर्च्या मिळतात. २०२४मध्ये राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आली, तिच्यात अशा साहित्यासाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. डिसेंबर २०२२मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग काढला. हे सगळं चांगलंच आहे. पण यातली प्रत्येक गोष्ट रुग्णाच्या हातात पैसा किंवा वस्तू ठेवते. चाकाची खुर्ची आली, ती ढकलणारं माणूस आलं नाही. सांभाळणाऱ्याला ज्याची खरी टंचाई आहे तो वेळ, आणि वेळ देणारी योजना शोधायला गेलं की हाती फार थोडं लागतं.

तेवढं थोडं तरी नीट माहीत करून घ्यायला हवं. संसदेने १९९९मध्ये राष्ट्रीय न्यास कायदा केला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी तो आहे. त्याच्या योजनांत दिवसभराच्या सांभाळासाठी ‘विकास’ आहे, निवासी विसाव्यासाठी ‘समर्थ’ आहे, सांभाळणारे तयार करण्यासाठी ‘सहयोगी’ आहे आणि एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा देणारी ‘निरामय’ आहे. म्हणजे उसंतीसाठी सरकारी पैसा ही कल्पना दिल्लीला परकी नाही. अडचण अशी की हे पैसे नोंदणीकृत संस्थेमार्फत येतात. तालुक्यात केंद्र चालवणारी संस्था उभी नसेल तर योजना कागदावर राहते. पुण्यातलं केंद्र बारामतीपासून शंभरेक किलोमीटर, इंदापूरहून त्याहून लांब. चार तासांच्या उसंतीसाठी तेवढा प्रवास कुणी करणार नाही.

दुसरा आधार २०१६च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्क कायद्याचा. या कायद्याने सांभाळणाऱ्याची व्याख्याच केली आहे आणि तिच्यात आई-वडील, घरची माणसं, पैसे घेणारे आणि न घेणारे, सगळे धरले आहेत. कलम २४मध्ये तर जास्त मदतीची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी सांभाळणाऱ्याच्या भत्त्याचा थेट उल्लेख आहे. मात्र त्याच कलमात सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, अशी पळवाटही आहे. कायदा वाचताना दोन्ही ओळी वाचाव्यात.

या दोन्ही आधारांतून निसटणारा मोठा गट म्हणजे स्मृतिभ्रंश झालेली वडीलधारी माणसं. देशभरातल्या पाहणीवर आधारलेल्या, २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, डिमेन्शिया आहे. शहरात हे प्रमाण ५.३ टक्के तर खेड्यात ८.४. हा आजार शहरी, हा समज यातून पुसला जायला हरकत नाही. गावात त्याला आजार म्हणत नाहीत, ‘म्हातारचळ’ म्हणतात, आणि म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून योजना नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात संस्कृतचे विद्वान प्राध्यापक हत्तीच्या मागे चालत निघून जातात. ज्यांनी तो पाहिला त्यांना आठवेल की त्यात खरी फरपट त्यांना शोधणाऱ्या मुलीची आहे. त्याच जोडीच्या ‘देवराई’मागे कॅलगरीतले संख्याशास्त्राचे प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी होते. पत्नीच्या स्किझोफ्रेनियासोबत त्यांनी आयुष्य काढलं, आणि पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तिथे रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात, आणि शुभंकरांसाठी वेगळे गट भरतात. मराठी माणसाने या प्रश्नाला हात घातला नाही असं नाही. फक्त ते काम पुण्याच्या वेशीच्या फार पुढे आलेलं नाही.

महाराष्ट्राकडे याहून जुनी एक ठेव आहे, आणि या पुस्तकाचा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. १९७२च्या दुष्काळात या राज्याने रोजगार हमी सुरू केली आणि १९७७मध्ये तिचा कायदा केला. बारामती-इंदापूरच्या जिरायती गावांतल्या एका पिढीने पाझर तलावांवर, रस्त्यांवर ते काम केलं आहे. पुढे २००५च्या केंद्रीय कायद्यात अशी तरतूद झाली की कामावर आलेल्या बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांच्यातल्या एकीला मुलं सांभाळायला बसवायचं आणि तिला त्याच दराने मजुरी द्यायची. म्हणजे दुसऱ्याचं माणूस सांभाळणं हे मजुरीचं काम आहे, हे तत्त्व सरकारने खडी फोडायच्या जागेवर मान्य केलेलं आहे. आता तेच तत्त्व घरातल्या खाटेशी न्यायचं.

हिशोब फार मोठा नाही. २०२५-२६साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. एका घराला आठवड्यातून दोन अर्धे दिवस, म्हणजे महिन्याला चार पूर्ण दिवस धरले तर १,२४८ रुपये, वर्षाला साधारण पंधरा हजार. कौशल्याचं काम म्हणून दर दीडपट केला तरी साडेबावीस हजार. गावात अशी दहा घरं धरा. मूळ दराने दीड लाख, दीडपटीने सव्वादोन लाख. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. ज्या ग्रामपंचायतीचं स्वउत्पन्न तीस लाख आहे, तिचे ५ टक्के म्हणजे दीड लाखच होतात. पुष्कळ ठिकाणी ही रक्कम मार्चअखेरीला रोख वाटून किंवा एखादी वस्तू देऊन संपवली जाते. अर्थात हा पैसा दिव्यांगांचा आहे, तो काढून घ्यायचा नाही. त्यातला काही भाग दिव्यांगाच्याच घरी माणूस पाठवण्यावर खर्च व्हावा, आणि ज्यांच्याकडे दाखला नाही अशा वृद्धांसाठी जिल्हा परिषदेने व राज्याने वेगळी भर घालावी, अशी मांडणी पुढच्या प्रकरणांत आहे. लहान ग्रामपंचायतींचं उत्पन्न यात कुठेच बसत नाही, हेही तिथे लपवलेलं नाही. एमआयडीसीतल्या कंपन्यांसाठीही वाट आहे. २०१३च्या कंपनी कायद्यातल्या सामाजिक दायित्वाच्या यादीत ज्येष्ठांसाठीची दिवसा सांभाळणारी केंद्रं नाव घेऊन दिलेली आहेत.

इतरांनी काय केलं? केरळने २०१०मध्ये ‘आश्वासकिरणम्’ ही योजना काढली आणि अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्याच्या नावाने महिन्याला पैसे द्यायला सुरुवात केली. रक्कम पुढे ६०० रुपयांवर गेली, म्हणजे तुटपुंजीच, पण सांभाळणारा सरकारी कागदावर आला. त्याआधी कोळिकोड आणि मलप्पुरमच्या गावांत शेजाऱ्यापाजाऱ्यांनी शिकून घरोघरी जायची पद्धत रुजलेली होतीच, म्हणून पैशाला हात मिळाले. जर्मनीत १९९५पासून देखभाल विमा आहे. घरचं सांभाळणारं माणूस आजारी पडलं किंवा सुट्टीवर गेलं तर बदलीचा खर्च विमा उचलतो. जुलै २०२५पासून ती मर्यादा वर्षाला आठ आठवडे आणि ३,५३९ युरो आहे. जपानने २००० साली असाच विमा सुरू केला, आणि दिवसाची केंद्रं व थोड्या दिवसांचा मुक्काम तिथे नेहमीचा झाला. श्रीमंत देशांची नक्कल आपल्याला परवडणार नाही. बघण्यासारखं एवढंच की या दोन्ही देशांत सांभाळणाऱ्याची सुट्टी हा रुग्णाच्याच देखभालीचा खर्च धरला गेला.

आक्षेप येतील, आणि ते खरे आहेत. परकं माणूस घरात कसं घ्यायचं? दागिने, तरण्या पोरी, चार लोकांच्या जिभा. म्हणून माणूस गावातलं किंवा शेजारच्या गावातलं असावं, बचत गटाच्या बायकांतून निवडलेलं, उपजिल्हा रुग्णालयात महिनाभर शिकलेलं. हे काम आशाताईंच्या गळ्यात घालू नये. त्यांच्या डोक्यावर आधीच पुरेशी रजिस्टरं आहेत. दुसरी गोष्ट उघडपणे बोलली जात नाही: मळ-मूत्र काढायचं काम ठरावीक जातींच्या बायकांकडे ढकललं जाईल आणि त्यांना चुलीपाशी मात्र येऊ दिलं जाणार नाही, ही भीती. दर बरा ठेवणं, शिक्षणाचा दाखला देणं आणि कुठल्या घरी कोण जाणार हे घरावर न सोडणं, एवढे तीन नियम तरी पहिल्या दिवसापासून हवेत. तिसरा आक्षेप डॉक्टरांचा आहे. स्मृतिभ्रंशाचं माणूस नव्या जागी जास्त बावचळतं, आणि रुग्णालयात जंतुसंसर्गाची भीती. म्हणून आधी घरी येणारं माणूस, मग दिवसाचं केंद्र, आणि मुक्कामाच्या खाटा सर्वांत शेवटी, असा क्रम इथे सुचवला आहे. पैसा आला की आधी इमारत बांधायची आपली जुनी खोड लक्षात घेता हा क्रम पाळणं अवघड जाईल.

पुस्तक तीन भागांत आहे. पहिला घरच्यांसाठी: कूस कशी बदलायची, भरवताना काय जपायचं, आपलीच झोप आणि चिडचिड कशी ओळखायची, आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ किंवा ज्येष्ठांसाठीचा १४५६७ क्रमांक कधी फिरवायचा. दुसरा कागदपत्रांचा: कुठला दाखला कुठे मिळतो, कुठल्या योजनेत कोण बसतं आणि कोण बसत नाही. तिसरा सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, पंचायत समितीचे सदस्य आणि कारखान्यांचे संचालक यांच्यासाठी, निधीचा. घाईत असलेल्याने पहिला भाग वाचून पुस्तक खाटेजवळ ठेवलं तरी चालेल. पण ज्यांच्या हातात पैसे मंजूर करायची सही आहे त्यांनी तिसऱ्या भागाकडे थेट उडी मारू नये. पहिला भाग वाचला नाही तर तिसऱ्यातले आकडे नुसते आकडे वाटतील.

आमदार-खासदारांपर्यंत ही मागणी जायलाच हवी. कलम २४मधला भत्ता मुंबईत ठरेल, निमगावात ठरणार नाही. पण सुरुवातीला मंत्रालयाची वाट बघायचं कारण नाही. २६ जानेवारीची किंवा १५ ऑगस्टची ग्रामसभा प्रत्येक गावाला आहे. तिथे एकाने उठून दोन प्रश्न विचारावेत: आपल्या गावात अंथरुणाला खिळलेली माणसं किती घरांत आहेत, आणि ५ टक्क्यांचे पैसे गेल्या वर्षी कशावर खर्च झाले? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा कुणाकडे नसेल, म्हणून यादी करायचा ठराव घ्यावा लागेल. यादी झाली की सांभाळणाऱ्यांची नावं प्रथमच कुठल्यातरी दप्तरात येतील, आणि दप्तरात आलेल्या नावासाठी पैसे मागता येतात.

मात्र त्या ग्रामसभेला सांभाळणारीच यायला हवी, आणि तिला येता यावं म्हणून त्या दोन तासांपुरतं तिच्या घरी कुणी बसायचं, हे आदल्या दिवशीच ठरवावं लागेल. पहिली उसंत गावाने द्यावी. पुढच्या उसंती सरकारने द्याव्यात, हे सांगायला ती स्वतः उभी राहील.